बंद झाला, बंद पडला, का बंद केला?

घरात पाऊल टाकले की ते आधी नळाला हात लावायचे.

चपला दाराबाहेर, खांद्यावरची पिशवी कोपऱ्यात, आणि मग कुणाशी एक शब्द न बोलता सरळ स्वयंपाकघरात. तिथे नळाला अख्खा तळहात लावून क्षणभर उभे. पहिल्या दिवशी मला वाटले, तहान लागली असेल. मी लगबगीने फुलपात्र पुढे केले.

"पाणी नको बाई. अंगातली वीज उतरवतोय. मशीनमधी हात घालायच्या आधी उतरवावी लागती. पाइप लोखंडी हाय न्हवं?"

"इमारत चाळीस वर्षांची आहे. लोखंडीच असणार."

"मग झ्याक. आता समद्यांनी प्लास्टिक घातलंय. त्या नळाला हात लावा न्हायतर भिंतीला लावा, सारखंच."

अर्णव आणि सई, हे गृहस्थ आपला कॉम्प्युटर दुरुस्त करायला येत असत. तुम्ही दोघांनी त्यांना पाहिलेले नाही. सई, तू त्यांचा आवाज ऐकला आहेस, पण त्या रविवारच्या आधी काय काय झाले होते ते तुला ठाऊक नाही. तू तेव्हा नऊ वर्षांची होतीस. आता बारा पूर्ण होतील, म्हणून सगळे क्रमाने लिहून ठेवते. त्यांचे नाव मात्र लिहीत नाही. मी फोनमध्ये नाव घालू लागले तेव्हा ते म्हणाले होते, "नाव कशाला? 'कॉम्प्युटर' लिवा. बिघडल्यावर माणसाला नाव आठवत न्हाय." आजही माझ्या फोनमध्ये ते 'कॉम्प्युटर' आहेत.

पन्नाशी ओलांडलेले, काटक, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट. खिशाला पेन लावावे तसे दोन स्क्रू ड्रायव्हर. मूळचे गगनबावड्याकडचे. वीसेक वर्षे वारणानगरला एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत काम करून मग कोल्हापुरात घरोघरी जाऊन कॉम्प्युटर बघू लागले होते. दुकान का टाकले नाही असे मी विचारले, तर म्हणाले, "दुकानात मशीन येतं बाई, घर येत न्हाय." मला त्याचा अर्थ तेव्हा कळला नाही.

त्यांच्या पिशवीत दात घासायचे मऊ ब्रश असत, धूळ काढायला. आणि औषधाच्या गोळ्या ठेवायची सात वारांची डबी. प्रत्येक वाराच्या खणात वेगळ्या मापाचे स्क्रू. कॅबिनेटमध्ये डोके घातलेले असताना मागे हात पसरून म्हणायचे, "बाई, जरा बुधवार द्या की." मी बुधवारातला स्क्रू त्यांच्या तळहातावर ठेवायची. एकदा चुकून गुरुवार दिला, तर न बघता परत केला.

बोलणे मात्र अगदी तोंडावर. आमच्या शेजारच्या वकिलांनी त्यांना बोलावले आणि स्वतःच निदान सांगितले, व्हायरस आलाय म्हणून. यांनी कीबोर्ड उचलला, उलटा केला, आणि टेबलावर टाळी मारावी तसा आपटला. त्यातून वाटीभर भडंग निघाले. "ह्यो बघा तुमचा व्हायरस," म्हणाले. "शेंगदाण्यासकट." वकीलसाहेब आठवडाभर जिन्यात भेटले की माझ्याकडे बघायचे टाळत, कारण पत्ता मीच दिला होता.

आता आपल्या कॉम्प्युटरचे. बारावीनंतरचे वर्ष अर्णव माझ्याकडे होता, तेव्हा त्याने तो माझ्या जेवणाच्या टेबलावर बांधला. महिनाभर मी ताट मांडीवर घेऊन जेवले. मग तुम्ही सगळे कॅनडाला गेलात आणि एवढे मोठे धूड सामानात मावेना, म्हणून ते माझ्याकडे राहिले. जाताना अर्णवने मला शेतीचा एक खेळ शिकवला, ज्यात दूरदूरची माणसे पडद्यावरच्या एकाच शेतावर भेटतात आणि हेडफोनवरून बोलतात. ज्या यंत्रावर तो लढाया करायचा त्यावर मी गाई राखू लागले. चार गाई, एक तळे, लाकडी कुंपण. दर रविवारी तुमच्याकडे सकाळचे नऊ आणि माझ्याकडे संध्याकाळचे साडेसहा वाजले की सई आणि मी त्या शेतावर भेटायचो.

सई, तिकडे गेल्यावर तुझे बोलणे कमी कमी होत गेले. शाळेत एकही शब्द नाही. घरी मान हलवून हो किंवा नाही. व्हिडिओ कॉलवर मी दिसले की तू टेबलाखाली जायचीस. डॉक्टर म्हणाले होते, जबरदस्ती करू नका. पण शेतावर, जिथे कुणाला कुणाचा चेहरा दिसत नाही, तिथे तू माझ्याशी बोलायचीस. आठवड्यात तो एक तास. तुझी आई दाराबाहेर उभी राहून ऐकायची, हे तिने मला नंतर सांगितले.

मार्चमधल्या एका रविवारी तू कुंपण बांधता बांधता म्हणालीस, "आजी, आमच्या शाळेत ना, एक मुलगी..."

आणि माझ्यासमोर काळोख. कॉम्प्युटरचे पंखे थांबले, त्याचे दिवे विझले. पुन्हा सुरू करून आत येईपर्यंत तू निघून गेली होतीस.

पुढच्या रविवारी मी विचारले, "त्या मुलीचे काय सांगत होतीस?" तू म्हणालीस, "काही नाही." त्या दिवशीही पाऊण तासाने तसेच झाले. तू मोजत होतीस, "एक, दोन, तीन गाई," आणि चौथ्या गाईच्या आधी मी नाहीशी.

मी वही घातली. तारीख, वेळ, सुरू केल्यापासून किती मिनिटांनी, घरात तेव्हा काय काय चालू होते, सगळे इंग्रजीत, रकाने आखून. तिसऱ्या नोंदीनंतर त्यांना फोन केला. ते आले, नळाला हात लावला, वही उघडली आणि उभ्याउभ्या वाचली.

"अक्षर लई सुंदर हाय," म्हणाले. "पण समदीकडं एकच शब्द. शट डाउन, शट डाउन, शट डाउन. हे इंग्लिश झालं. मराठीत सांगा की. बंद झाला, बंद पडला, का बंद केला?"

मी छत्तीस वर्षे कॉलेजात इंग्रजी शिकवले आहे. मी म्हटले, "अहो, तिन्ही एकच ना?"

"एकच कसं? बंद झाला म्हंजे वीज गेली, वायर सुटली. त्याचा काय दोष न्हाय. बंद पडला म्हंजे आतलं काय तर मेलं. आन् बंद केला म्हंजे कुणीतर केला. तीन आजार. तीन औषधं. तुमच्या इंग्लिशमधी तिन्हीला एकच गोळी."

माझ्या व्याकरणाच्या तासाला इतके चोख उदाहरण मला कधी सुचले नव्हते. मी थोडा विचार करून म्हटले, "पडला असावा."

"असावा न्हाय. बघू."

त्या दिवशी त्यांनी भिंतीतला सॉकेट तपासला, वायर बदलली, आतला प्रत्येक जोड काढून पुन्हा बसवला. अर्णव, कॅबिनेटचे झाकण काढल्यावर ते काही वेळ नुसते बघत राहिले. "कुणी बांधलाय?"

"माझ्या नातवाने. अठरा वर्षांचा होता."

"हात चांगला हाय पोराचा. वायरी वेणी घातल्यासारख्या घेतल्यात. आमच्या प्रयोगशाळेत मास्तरांना जमत नव्हतं हे." तुला हे सांगायचे राहून गेले होते, म्हणून इथे लिहिले.

दोन तास त्यांनी कॉम्प्युटर चालवला. एकदाही बंद झाला नाही, पडला नाही.

रविवारी पुन्हा बंद.

दुसऱ्या खेपेला ते स्वतःचा वीजपुरवठ्याचा डबा घेऊन आले. आपला काढून तो लावला. मेमरीच्या पट्ट्या एकेक करून बदलल्या. मग मुद्दाम यंत्राला दमवणारा कुठलासा प्रोग्राम लावून ते जमिनीवर मांडी घालून बसले. खुर्चीवर कधी बसायचे नाहीत, खुर्ची घरच्यांची म्हणायचे. डोळे मिटून पंख्यांचा आवाज ऐकत होते. तीन तास झाले. आतले तापमान ठीक, पंखे ठीक, सगळे ठीक.

"बाई, मी आलो की हे पोरगं अभ्यासाला बसतंय," ते म्हणाले. "मी गेलो की हुंदडाया लागतंय. असलं लबाड मशीन मी बघितलेलं न्हाय."

"मग काय करायचे?"

"बिघाड दिसल्याबिगर मी काय बदलणार न्हाय. दिसला की बोलवा."

मला राग आला. बिघाड ठरवून थोडाच येतो? त्या रविवारीही तो आलाच, आणि या वेळी तुझे एक वाक्य खेळातल्या पाटीवर लिहिलेले मला नंतर सापडले. शेताच्या फाटकावर तू पाटी ठोकली होतीस. 'आजी तू मध्येच का जातेस.' प्रश्नचिन्हसुद्धा नव्हते. त्याच्या पुढच्या रविवारी तू आली नाहीस. मी सातपर्यंत गाईंजवळ उभी होते, साडेसातपर्यंत होते, आणि तेव्हा कॉम्प्युटर बंद पडला त्याचे मला काहीच वाटले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फोन करून त्यांना म्हटले, "दुरुस्त होत नसेल तर सांगा, मी दुसरा घेते. पण मला या रविवारच्या आत हवा." आणि मग, का कोण जाणे, तुझ्याबद्दलही सांगून टाकले. टेबलाखाली जाणे, ती अर्धवट राहिलेली मुलगी, पाटी. बाहेरच्या माणसाला घरातले सांगायची मला सवय नाही.

पलीकडे पिशवी खाली ठेवल्याचा आवाज आला.

"हे आधी सांगायचं न्हवं का बाई? मला वाटलं नातवाचा खेळ हाय, सवडीनं बघू." मग म्हणाले, "दुसरा घेऊ नगा. त्यो बी बंद पडंल."

"का?"

"ठाव न्हाय. पण मी आल्यावर पडत न्हाय आन् तुम्ही एकट्या असला की पडतोय. म्हंजे फरक मशीनमधी न्हाय, तुमच्यात हाय. मी यायच्या आधी काय काय करता?"

"काही नाही. टेबल आवरते. कुणी यायचे म्हटले की आवरावे लागतेच."

"मग या रविवारी मी येतो, पण आवरायचं न्हाय. मी आलोच न्हाय असं समजायचं. रोज करता तसं करायचं. मला पावणा धरू नका."

तुझ्या आईने तुला पुन्हा शेतावर यायला कसे समजावले ते तिलाच ठाऊक. रविवारी ते सहाला आले, नळाला हात लावून स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसले आणि दार अर्धे लोटून घेतले. मी रोजच्यासारखी देवापुढे दिवा लावला, चष्मा पुसला, कॉम्प्युटरसमोर बसले, सुरू केला. तुझी खेळातली बाहुली फाटकाशी उभी होती.

"आजी, तू आज जाणार नाहीस ना?"

"नाही गं," मी म्हटले आणि कानांवरचे हेडफोन नीट बसवले.

आपण तळ्याकाठी ऊस लावत होतो. दहा मिनिटे झाली, वीस झाली. पंख्यांचा आवाज वाढत चालला. माझ्या कानांवर हेडफोन असल्यामुळे मला तो इतर वेळी कळत नसे, त्या दिवशी मात्र जिवाचा कान करून बसले होते. तूसुद्धा म्हणालीस, "आजी, तुझ्याकडे कसला आवाज येतोय? विमान आहे का?"

तेवढ्यात स्वयंपाकघराचे दार धाडकन उघडले.

"आयला! ही दुलई कुठनं आली?"

ते अनवाणी धावत आले आणि कॉम्प्युटरवरचे आच्छादन एका झटक्यात ओढून काढले. आतून वाफेसारखी ऊब माझ्या हातावर आली.

पोरांनो, आता कबूल करते. माझ्या घरात मिक्सरला झबले आहे, फ्रीजला टोपी आहे, शिलाई मशीनला झालर लावलेला घागरा आहे. मार्चमध्ये समोरचा रस्ता खणला आणि घरभर धूळ येऊ लागली, तेव्हा मी कॉम्प्युटरलाही एक शिवले होते. जुन्या इरकलीचे दोन पदर, मध्ये कापूस, काठाला टाका. खेळायला बसताना डोक्यावरचा पदर मागे सारावा तसा त्याचा पुढचा भाग वर टाकायची, म्हणजे बटण दिसे. बाजू, पाठ आणि माथा झाकलेलेच. गरम हवा बाहेर जायची ती नेमकी पाठीमागून आणि माथ्यावरून. आणि ते यायचे असले की मी टेबल आवरायची, म्हणजे काय करायची? ते काढून, घडी घालून, कपाटात ठेवायची.

"वहीत समदं लिवलंय," ते दुलई हातात धरून म्हणाले. "पंखा चालू, दिवा चालू, शेजारी कुकरच्या शिट्ट्या किती. ह्येच तेवढं न्हाय."

ते झाकण आहे, ते काय लिहायचे, असे मी म्हणणार होते. पण हेडफोनमधून तुझा आवाज आला.

"आजी, कोण आहे तिथे?"

परक्या माणसाचा आवाज ऐकला की तू महिनोन्महिने तोंड उघडत नव्हतीस. मी हेडफोनची वायर काढली, तसा तुझा आवाज खोलीत आला. त्यांनी माझ्याकडे बघितले, मी खुर्ची बाजूला सरकवली. ते पडद्यावरच्या माइकशी वाकून, दूरच्या शेतात हाक मारावी तसे ओरडले, "मी कॉम्प्युटरवाला काका! तुझ्या आज्जीनं मशीनला दुलई पांघरलीती! मे महिन्यात!"

मग तू हसलीस. आधी नाकातून, मग मोठ्याने. दूर कुठेतरी एक दार वाजले. तुझी आई असणार.

"मग ते बंद का व्हायचं?" तू विचारलेस. त्यांना. थेट.

"झालं न्हाय, पडलं बी न्हाय," ते म्हणाले. "बंद केलंय. त्यानं स्वतःच. लई तापलं की ते स्वतःला बंद करतंय, जळू नये म्हणून. शहाणं हाय ते."

"म्हणजे ते बिघडलेलं नव्हतं?"

"अजिबात न्हाय! ताप सोसंना, एवढंच. जरा हवा मिळाली की झालं."

शेतात तुझी बाहुली एका गाईभोवती फिरत राहिली. मग तू म्हणालीस, "आजी, आमच्या शाळेत ना, एक मुलगी आहे. ती पण बोलत नाही. ती मला तिचा पेन देते."

ते मागच्या मागे सरकले. मी नंतर बघितले तर स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी उभे होते, दुलईची नीट घडी घालत. त्या रविवारी आपण दोन तास खेळलो. कॉम्प्युटर शेवटी मी माझ्या हाताने बंद केला आणि वहीत तसे मराठीत लिहिले.

त्यानंतर त्यांना बोलवायचे कारणच उरले नाही. दिवाळीत मी फोन केला, "फराळाला या."

"काय बिघडलंय?"

"काही नाही. सहज या."

"सहज कशाला येऊ बाई? बिघडलं की येतो." आणि फोन ठेवला. पुढच्या वर्षी मी खोटे सांगायचे ठरवले होते, की माउस अडकतो आहे म्हणून. पण मला खोटे जमत नाही आणि त्यांना ते माझ्या आवाजातच कळले असते. चकल्यांचा डबा शेवटी वकीलसाहेबांकडे गेला.

यंदा कळले, ते गगनबावड्याकडे गावी राहायला गेले. तिथे पावसात मोबाइल लागत नाही. 'कॉम्प्युटर' असा नंबर फिरवला की एक बाई सांगते, संपर्क होऊ शकत नाही.

मला ते शेवटचे दिसले ते गेल्या वर्षी, दसरा चौकात. मी रिक्षात होते, सिग्नल लाल होता, आणि पलीकडच्या फुटपाथवर ते पिशवी खांद्याला लावून कुणाची तरी वाट बघत उभे होते. मधून बस, दुचाकी, उसाचा ट्रॅक्टर. त्यांनी मला बघितले आणि हात वर केला. मला वाटले, कॉम्प्युटरचे विचारतील.

"बाई!" अख्ख्या चौकाला ऐकू जाईल असे ते ओरडले. "पोरगी बोलती न्हवं?"

रस्त्यात मोठ्याने बोलू नये, असे मी तुमच्या आईला शिकवले, तुम्हालाही शिकवले. मी रिक्षातून अर्धी बाहेर वाकले.

"बोलते!" मी ओरडले. "ऐकत नाही कुणाचं, इतकी बोलते!"

पुढे थांबलेल्या दुचाकीवरचे दोघे वळून बघायला लागले. रस्त्यापलीकडे त्यांनी दोन्ही हात वर केले, पिशवी खांद्यावरून घसरली, ती सावरायला ते खाली वाकले, आणि सिग्नल सुटला.